साखरवाली बाई

वसमत रोडला, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावर
आमची खोली. सहा टेबलं, सहा हेडफोन,
पंखा एक, तोही खिडकीकडे तोंड फिरवलेला.
माझ्या यादीत एकशेबारा माणसं.
त्यांतल्या एकालाही मी पाहिलेलं नाही.

मला त्यांचे आवाज ठाऊक आहेत, आणि आवाजांच्या मागचं:
कुणाच्या मागं पिठाची गिरणी,
कुणाच्या मागं दावणीची शेळी,
सेलूच्या मुनीरखाँ पठाणांच्या मागं शिलाई मशीन,
जे मी "इन्सुलिन घेतलं का?" विचारलं की थांबतं.
रोज्यांच्या महिन्यात त्यांच्यासाठी माझा गजर पहाटे चारचा.
डोस किती कमी करायचा ते डॉक्टर संभाजीनगराहून लिहून ठेवतात,
मी अंधारात, आवाज दाबून, पुढं सांगते.
माझा नवरा कूस बदलतो.

प्रयागबाई घुगे, वय एकसष्ट, तालुका जिंतूर.
दर मंगळवारी, सकाळी आठला.
फोन नातवाचा. रेंज पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर.
तिसऱ्या पायरीवर टेकल्या की म्हणतात,
"हं, साखरवाली बाई, बोला."
इन्सुलिनचं पेन माठाला लागून, ओल्या फडक्यात.
भाकर दीड.
चहा बिनसाखरेचा, "शप्पत घालू नका, पन बिनसाखरेचाच."
आणि साखर?
"एकशेचाळीस."

पुढच्या मंगळवारी एकशेचाळीस.
दिवाळीच्या मंगळवारी एकशेचाळीस.
पुतणीच्या लग्नातली बुंदी जिरवून एकशेचाळीस.
स्क्रीनवर त्यांची रेघ
मानवतच्या रस्त्यासारखी सरळ, कुठं वळण नाही, चढ नाही.
डॉक्टर म्हणाले, छान.
सुपरवायझरनं रकाना हिरवा केला.
मलाही हिरवा आवडतो.
पण माणसाचं रक्त इतकं शहाणं नसतं.

"प्रयागबाई, पट्ट्या आहेत का तुमच्याकडं?"
पलीकडं टाकीत पाणी पडत होतं.
बराच वेळ नुसतं पाणीच.
"सरल्या की. पोळ्यालाच."
"मग आकडा?"
"आकडा तुमालाच लागतो ना, बाई.
पयल्या खेपंला दोनशेनव्वद सांगितलं
तव्हा तुमचा आवाज असा खाली बसला…
म्हन्लं, हिला वरचे बोलत असतील.
काहून लेकराला बोलणी खाऊ घालावी?"

मी हेडफोन काढला. पुन्हा घातला.
एकोणीस मंगळवार
प्रयागबाई माझी साखर सांभाळत होत्या.

"आणि पाय?"
"पाय बरा हाय. पऱ्हाटीचा खुट घुसला व्हता, कळलंच नाही.
मुंग्या आल्या तव्हा समजलं."
हे त्यांनी असं सांगितलं, जसं शेजारच्या घरातलं काही.
दाखवा म्हटलं. चित्र येईना, रेंज दीड काडी.
मग त्यांनी फोन कानापासून काढून
तळपायाला लावला.
खरखर ऐकू आली, चिंधी सुटल्याची,
मग वारा,
आणि लांबून त्यांचा आवाज, "दिसलं का?"

"दिसलं," मी म्हणाले.

त्या दिवशी सात फोन झाले.
आशाताई शेवंता तिथं नव्हत्याच, लसीकरणाला दुसऱ्या गावी.
त्यांच्या दिरानं मोटारसायकल काढली.
जिंतूरच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसिंगवाला जेवायला गेलेला,
त्याला जेवता-जेवता गाठलं.
पट्ट्यांची डबी एसटीनं गेली, कंडक्टरच्या खिशात,
डबीवर मी पेनानं लिहिलं: प्रयागबाई, टाकीजवळ.
बोटं तर त्याच बाईची टोचायची होती,
तरी डबी देताना माझंच बोट दुखलं.

पुढचा मंगळवार. आठ वाजून चार मिनिटं.
"दोनशे शहात्तर," त्या म्हणाल्या,
एकेक अक्षर पायरीवर ठेवल्यागत.
मग थांबल्या.
"बसला का आवाज?"

"नाही हो," मी म्हणाले.
रकाना लाल केला.

माझं ते "नाही हो"
तेही एकशेचाळीसच होतं.